इंदूरच्या घरात लॅव्हेंडर: लागवड, निगा आणि उपयोग

आमच्याकडे लॅव्हेंडरचं रोप न्यायला येणारे बहुतेक जण आधी विचारतात, "आपल्या उन्हात टिकेल का हो?" टिकतं. भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचं हे झुडूप आहे. रोज निदान सहा तास ऊन त्याला लागतंच. इंदुरात ते मरतं ते पाण्यानं. माळव्याची काळी माती ओल धरून ठेवते, त्यात जून ते सप्टेंबर पाऊस, आणि एरवी आपण मायेनं सकाळ-संध्याकाळ घातलेलं पाणी. म्हणून या पत्रकात पाण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

रोप कोणतं घ्यावं

फोटोत दिसणारी जांभळी शेतं थंड मुलखातली असतात. आपल्या देशात जम्मू-काश्मीरच्या डोडा जिल्ह्यात, भद्रवाहच्या परिसरात, सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशनमुळे (सुगंधी पिकांची मोहीम) बऱ्याच शेतकऱ्यांनी मक्याच्या जागी लॅव्हेंडर लावलं. ती जात अँगुस्टिफोलिया. तिला भरघोस फुलायला कडक थंडी लागते, आणि आपली थंडी तेवढी नसते. इथे ती जगवता येते, पण फुलं बेताचीच.

गच्चीसाठी आम्ही डेंटाटा सुचवतो. हिच्या पानांच्या कडा बारीक दातेरी असतात. उकाडा आणि दमट हवा ही जात त्यातल्या त्यात चांगली सोसते, आणि कडक थंडीवाचूनही फुलते. वास किंचित कापराच्या अंगानं जाणारा, अँगुस्टिफोलियाइतका गोड नाही, हे आधीच सांगतो. रोप कुठूनही घ्या, पण एक पान बोटांत चुरडून बघा. निळ्या साल्व्हियाची रोपंही दिसायला साधारण तशीच असतात, पण त्यांच्या पानांना हा सुगंध नसतो.

कुंडी, माती आणि खत

दहा-बारा इंची मातीची कुंडी घ्या. प्लास्टिकची नको, तिच्या भिंतीतून ओल बाहेर पडत नाही. दोन भाग जाडी रेती, एक भाग लाल माती, एक भाग जुनं, नीट कुजलेलं कंपोस्ट आणि थोडी बारीक गिट्टी एवढं मिश्रण पुरतं. बागेतली काळी माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालू नका, दोन्ही पाणी धरतात. बोरिंगचं जड पाणी पुष्कळ रोपांना बाधतं, याला चालतं, कारण थोडी चुनखडीची जमीन याला मानवते.

खताबद्दल आग्रहानं सांगतो. ब्रिटिश कृषितज्ज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात आपल्याच शहरात, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागी, कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ विकसित केली आणि ती जगभर गेली. आजही आपल्याकडे घरी कंपोस्ट करणारे पुष्कळ आहेत, याचा आम्हाला अभिमान वाटतो. ते कंपोस्ट गुलाबाला, मोगऱ्याला, कढीलिंबाला सढळ हातानं घाला. लॅव्हेंडरला मात्र लागवडीच्या वेळी दिलं तेवढंच, पुढे वर्षातून एखादी मूठ. खत जास्त झालं की रोप नुसतं पाल्यानं माजतं, फांद्या लोळतात आणि फुलं घटतात.

पाणी, आणि पावसाळ्याचे चार महिने

बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नाही. कोरडं लागलं तर तळातून वाहीपर्यंत द्या आणि मग पुन्हा कोरडं होऊ द्या. कुंडीखाली ताटली ठेवू नका. काही ठेवायचंच तर दोन विटा ठेवा.

पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली किंवा छज्जाखाली न्या, पण कोपऱ्यात कोंडू नका, वारा खेळला पाहिजे. मातीवर बोटभर गिट्टी पसरलीत तर खालची पानं ओल्या मातीला टेकत नाहीत. या दिवसांत एक गोष्ट नेहमी घडते: रोप माना टाकतं आणि घरातलं कुणीतरी, तहान लागली असेल म्हणून, आणखी पाणी घालतं. माती ओली असताना पानं लोंबली, तर मुळं कुजायला लागली आहेत असं समजा. बुंध्याशी साल काळपट झालेली दिसेल. तसं मूळ सहसा सावरत नाही. वरचे हिरवे, निरोगी शेंडे तीन-चार इंचांचे कापा, खालची पानं काढा आणि नुसत्या रेतीत खोचून सावलीत ठेवा. तीन ते सहा आठवड्यांत मुळं फुटतात. रोप चांगलं असेल तर अशा काड्या दिवाळीच्या सुमारास लावाव्यात. बी पेरून रोप करायला फार वेळ लागतो, त्या वाटेला जाऊ नका.

मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की दुपारपुरती हिरवी जाळी बांधा. फुलांचा बहर सरला की एक तृतीयांश छाटणी करा, पण हिरवा पाला असलेल्या भागातच. खालच्या जून लाकडात कापलं तर तिथून पुन्हा फूट येत नाही.

घरात काय काय करता येतं

तुऱ्यातली पहिली काही फुलं उमलली की, दव वाळल्यावर, देठासकट कापा. छोट्या जुड्या बांधून अंधाऱ्या, हवेशीर जागी उलट्या टांगा. दोन-तीन आठवड्यांत वाळतात. उन्हात वाळवलं तर रंग आणि वास दोन्ही जातात. फुलं थोडी असतील तर वाळलेली पानंही मिसळा.

सगळ्यात चांगला उपयोग साड्यांच्या कपाटात. जुन्या मलमलीची पुरचुंडी शिवा, त्यात दोन चमचे भरा आणि माहेश्वरी, पैठणीच्या घड्यांमध्ये ठेवा. वास मंदावला की बोटांनी चुरायची, वर्षानं बदलायची. या वासानं कसर दूर राहते, पण आधीच लागलेली कसर मरत नाही. साड्या अधूनमधून उलगडून वाऱ्यावर घालायलाच हव्यात. बाटलीतलं तेल रेशमावर कधीही टाकू नका, डाग पडतो. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर डांबरगोळ्यांऐवजी अशीच पुरचुंडी ठेवा. त्या गोळ्यांतल्या नॅप्थलीनच्या वाफांनी काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. पुरचुंडी बाळाच्या हाती लागणार नाही एवढं पाहा.

छाटणीतल्या काड्या आणि पानं पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पंधरा दिवस बुडवून गाळा. तेवढंच पाणी घालून काचा, ओट्याच्या टाइल्स, बेसिन पुसायला छान. कोटा स्टोन आणि संगमरवरावर मात्र हे वापरू नका. आम्लानं त्यांची झिलई जाते.

खोबरेल तेलात फुलं मुरवता येतात, पण ती कडकडीत वाळलेली हवीत. ओल राहिली तर बुरशी धरते. डोक्याला लावण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. उशीजवळ पुरचुंडी ठेवून बऱ्याच जणांना शांत वाटतं, पण झोपेच्या तक्रारीवर तो इलाज नव्हे. कुंडी खिडकीत ठेवली की डास येत नाहीत, असंही सांगितलं जातं. नुसत्या रोपानं डास जात नाहीत, पान चुरडल्यावरच वास सुटतो.

खायला फक्त अँगुस्टिफोलिया, तीही फवारणी न केलेली. चिमूटभर फुलं कोमट दुधात भिजवून, गाळून, ते दूध श्रीखंडात घालता येतं. डेंटाटा स्वयंपाकात नको. विकतचं सुगंधी तेल पोटात घेऊ नका, त्वचेवर नुसतं लावू नका. घरात मांजर किंवा कुत्रं असेल तर रोप त्याच्या तोंडाला लागणार नाही असं ठेवा.

पावसाळ्यात आम्ही लॅव्हेंडर विकत नाही. नवं रोप तेव्हा घरी रुजणं कठीण. दिवाळीनंतर या, येताना आपली कुंडी आणा. मिश्रण भरून, रोप लावूनच देऊ.