उलटा डोळा आणि पत्ता न चुकणारे चेतातंतू

दृष्टिपटलावर शेजारी असलेल्या पेशींचे तंतू मध्यमेंदूतही शेजारीशेजारीच जोडले जातात. त्यामुळे तिथे समोरच्या दृश्याचा नकाशाच तयार होतो. मासे, बेडूक आणि पक्ष्यांत मध्यमेंदूचा हा भाग, म्हणजे टेक्टम, पाहण्याचं मुख्य केंद्र असतो. पण हजारो तंतूंना आपली जागा सापडते कशी?

१९३०च्या दशकात शिकागोचे जीवशास्त्रज्ञ पॉल वाइस यांचं मत वजनदार होतं. जोडण्या आधी कशाही होतात, कोणती कशासाठी हे नंतर कामातून ठरतं, असं ते मानत. ते खोडून काढलं त्यांच्याच विद्यार्थ्याने, रॉजर स्पेरी यांनी. १९४०च्या दशकात त्यांनी न्यूट (पालीसारखा दिसणारा उभयचर) आणि बेडकांची दृक्-चेता, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी चेता, कापली आणि डोळा १८० अंशांत फिरवून बसवला. या प्राण्यांत ही चेता पुन्हा वाढते. दृष्टी परत आली, पण उलटी. माशी वर धरली की बेडूक खाली झेपावायचा, आणि ही चूक त्याने कधीच सुधारली नाही. म्हणजे प्रत्येक तंतू आपल्या जुन्याच जागी जाऊन पोचला होता. अनुभवाने काही शिकवलंच नव्हतं! इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग जीवशास्त्रात क्वचितच सापडतो.

१९६३ मध्ये अटार्डी आणि स्पेरी यांनी गोल्डफिशच्या दृष्टिपटलाचा काही भाग काढून टाकला. उरलेले तंतू टेक्टमची वाटेतली रिकामी जागा ओलांडून आपापल्या ठिकाणी गेले. त्याच वर्षी स्पेरींनी मांडलं की पेशींवर रासायनिक खुणा असतात आणि त्यांचं प्रमाण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बदलत जातं.

खुणा हाती लागायला मात्र तीन दशकं गेली. १९८७ मध्ये जर्मनीत ट्युबिंगेनला फ्रीडरिश बोनहोफर यांच्या गटाने कोंबडीच्या भ्रूणातल्या टेक्टमच्या पुढच्या आणि मागच्या भागांतली पेशीपटलं आलटूनपालटून पट्ट्यांत मांडली. दृष्टिपटलाच्या कानशिलाकडच्या बाजूचे तंतू फक्त पुढच्या भागाच्या पट्ट्यांवर वाढले. मागची पेशीपटलं तापवली की हा भेद नाहीसा व्हायचा. म्हणजे तिथे तंतूंना दूर लोटणारं काहीतरी होतं. स्पेरींच्या मांडणीवरून सगळे आकर्षणाचे रेणू शोधत होते, आणि निघालं प्रतिकर्षण. १९९५ मध्ये ते रेणू ओळखले गेले, आज त्यांना एफ्रिन म्हणतात.

सस्तन प्राण्यांत कापलेली दृक्-चेता आपोआप वाढत नाही. ज्यांच्या तंतूंनी ही चेता बनते, त्या दृष्टिपटलातल्या पेशीच काचबिंदूत मरतात. त्या पुन्हा वाढवू पाहणाऱ्यांना त्यांचे तंतू नेमक्या जागी पोचवण्याचा प्रश्नही सोडवावा लागणार आहे.