सहकारी एजंट प्रणाली आणि त्यांवरील पेटंट-वाद

स्वतःपुरते निर्णय घेऊ शकणारे अनेक सॉफ्टवेअर-एजंट मिळून एक काम पार पाडतात, तेव्हा त्यांच्यातली कामाची वाटणी, निरोपांची देवघेव आणि अडथळ्यांची सोडवणूक ज्या यंत्रणेतून होते, तिला सहकारी एजंट प्रणाली किंवा मल्टी-एजंट सिस्टिम म्हणतात. नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये कोणता भाग कोणाला हाक मारणार हे आधीच लिहिलेले असते. इथे ते काम चालू असताना ठरते.

न्हावा-शेवा बंदरातला एखादा कंटेनर उदाहरणादाखल घेता येईल. जहाज, यार्डातली क्रेन, ट्रेलर, रेल्वे आणि कस्टम्स या प्रत्येकाची माहिती वेगळ्या यंत्रणेत असते. प्रत्येकाच्या वतीने बोलणारा एकेक एजंट कल्पिला, तर ‘उद्या सकाळपर्यंत हा कंटेनर भिवंडीच्या गोदामात हवा’ ही मागणी कोणा एकाला पुरी करता येत नाही. ट्रेलर कळंबोलीला अडकला, तर क्रेनच्या एजंटने तोवर दुसरा कंटेनर उचलायला घ्यावा आणि हे त्याला कोणी माणसाने फोन करून सांगावे लागू नये, अशी अपेक्षा असते.

वाटणीच्या दोन जुन्या रीती आहेत. रीड स्मिथ यांनी १९८० साली मांडलेल्या ‘काँट्रॅक्ट नेट’ पद्धतीत काम असलेला एजंट ते जाहीर करतो, इतर एजंट बोली लावतात आणि सरस बोलीला काम मिळते. दुसऱ्या रीतीत मध्ये एक समन्वयक असतो. प्रत्येक एजंट आपल्याला काय काय येते ते त्याच्याकडे नोंदवतो. मागणी आली की समन्वयक तिचे तुकडे पाडतो, ज्याला जे येते त्याला ते देतो आणि उत्तरे जुळवून परत करतो. काम मागणाऱ्याला ते कोणी केले हे माहीत असण्याची गरज उरत नाही, ही या रीतीची खरी ताकद. समन्वयक बंद पडला किंवा तुंबला की सगळेच थांबते, हा तिचा ठळक दोष. निरोपांच्या भाषेसाठी १९९० च्या दशकात केक्यूएमएल आली आणि १९९६ मध्ये स्थापन झालेल्या फिपा या संस्थेने विनंती, प्रस्ताव, नकार, कळवणे असे निरोपांचे प्रकार प्रमाणित केले.

पेटंटचे वाद पेटले ते समन्वयकाच्या रीतीवरून. कॅलिफोर्नियातील एसआरआय इंटरनॅशनल या संशोधन संस्थेत ‘ओपन एजंट आर्किटेक्चर’ ही प्रणाली घडली. तिच्यात एजंट प्रोलॉग या संगणकभाषेच्या वळणाच्या एका सामायिक भाषेत बोलत आणि ‘फॅसिलिटेटर’ नावाचा समन्वयक त्यांची कामे लावून देई. ॲडम चेयर आणि डेव्हिड मार्टिन यांना संशोधक दाखवून १९९९ च्या जानेवारीत तिच्यावर पेटंटसाठी अर्ज झाला. ते २००५ मध्ये मिळाले. त्याच कुळातले आणखी एक पेटंट २००६ चे आहे. चेयर पुढे सिरी हा बोलका सहायक बनवणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले आणि ॲपलने २०१० मध्ये ती कंपनी घेतली. पेटंटे मात्र दुसऱ्या वाटेने गेली. वाय-लॅन या पेटंट-परवान्यांचा व्यवसाय करणाऱ्या कॅनडाच्या कंपनीची उपकंपनी आयपीए टेक्नॉलॉजीज हिच्याकडे ती आली आणि तिने ॲमेझॉन, गुगल, मायक्रोसॉफ्ट यांच्यावर दावे लावले. मे २०२४ मध्ये डेलावेअरच्या ज्यूरीने मायक्रोसॉफ्टच्या कोर्टाना या सहायकाने २००६ च्या पेटंटचा भंग केल्याचे ठरवून २४.२ कोटी डॉलरची भरपाई सुनावली.

गुगलविरुद्धच्या प्रकरणात निघालेला प्रश्न अभियंत्यांच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा आहे. अर्जाच्या आधी, १९९८ मध्ये, याच प्रणालीवर एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला होता. लेखक तीन होते: मार्टिन, चेयर आणि डग्लस मोरान. पेटंटवर मोरान यांचे नाव नाही. निबंधातल्या कल्पनेत मोरान यांचा वाटा होता, तर निबंध ‘दुसऱ्याचा’ ठरून पेटंटाच्या आड येऊ शकत होता; नव्हता, तर निबंध संशोधकांचेच आधीचे लिखाण ठरून पेटंट सुटत होते. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयातील अपील मंडळाने गुगलचा मुद्दा फेटाळला. अपिलात फेडरल सर्किट न्यायालयाने २०२२ मध्ये तो निर्णय रद्द केला आणि साक्षींतला विरोध आधी सोडवा, असे सांगून प्रकरण परत पाठवले. वीसहून अधिक वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत कोणी काय सुचवले, यावर कोट्यवधी डॉलर टांगलेले होते.

ऐरोली, घणसोली, महापे आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये सॉफ्टवेअरचे काम करणाऱ्यांना हा विषय परका नाही. मात्र त्यांना लागू होणारा कायदा निराळा आहे. भारतीय पेटंट कायदा १९७० च्या कलम ३(के) नुसार गणिती किंवा व्यावसायिक पद्धत, अल्गोरिदम आणि ‘केवळ संगणक प्रोग्रॅम’ यांना पेटंट मिळत नाही. डिसेंबर २००४ च्या वटहुकमाने हे दार किलकिले केले होते. संसदेने २००५ मध्ये तो बदल स्वीकारला नाही, आणि छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. तरी दार पूर्ण बंदही नाही. फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले की शोधातून तांत्रिक परिणाम साधत असेल, तर तो संगणक प्रोग्रॅमवर आधारलेला आहे एवढ्यावरून त्याला नाकारू नये. तेव्हा ‘एजंट आपसांत काम वाटून घेतात’ एवढ्याने इथे काही मिळणार नाही. त्या वाटणीमुळे जाळ्यावरचा भार किंवा यंत्राचा प्रतिसाद नेमका कसा सुधारतो, हे अर्जात दाखवावे लागते.

दोन तरतुदींकडे इथे हमखास दुर्लक्ष होते. अमेरिकेत संशोधकाला स्वतःच्या प्रसिद्धीनंतर अर्जासाठी एक वर्षाची मुभा असते. भारतात अशी सरसकट मुभा नाही. कलम ३१ ची १२ महिन्यांची सवलत ठरावीक प्रदर्शने आणि विद्वत्सभेपुढे वाचलेले निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरती आहे. कोड आधी गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर उघडा टाकला आणि अर्ज नंतर केला, तर हक्क बहुधा तिथेच जातो. शिवाय कलम ३९ प्रमाणे भारतात राहणाऱ्याने परवानगीशिवाय थेट परदेशात अर्ज करायचा नसतो. आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते. परदेशी ग्राहकासाठी महाप्यात बसून काम करणाऱ्या अभियंत्यालाही हे लागू आहे.

आज एजंटांच्या संवादाचे नवे प्रमाणित नियम खुल्या रीतीने पुढे येत आहेत. गुगलने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलेला एटूए हा प्रोटोकॉल त्याच वर्षी लिनक्स फाउंडेशनकडे सोपवला गेला. त्यात प्रत्येक एजंट ‘एजंट कार्ड’वर आपली कौशल्ये जाहीर करतो. एसआरआयच्या फॅसिलिटेटरकडे होणारी नोंद ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल. म्हणूनच जुन्या पेटंटांत नेमका कशावर हक्क मागितला आहे ते आणि जुने निबंध या क्षेत्रात अजूनही बारकाईने वाचले जातात.

महाराष्ट्रातील अर्जदारांचे अर्ज मुंबईत अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनातील पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात. पेटंट मिळण्याआधी त्याला कोणीही विरोध नोंदवू शकतो. मिळाल्यानंतर हितसंबंध असलेल्याला त्यासाठी, मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून, एक वर्ष मिळते. भंगाचा दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, पनवेल रायगड जिल्ह्यात असल्याने नवी मुंबईतल्या दोन शेजारी कंपन्यांनाही न्यायालयाची कक्षा वेगळी पडू शकते. प्रतिवादीने पेटंटच रद्द करण्याचा प्रतिदावा केला, की सगळे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात जाते.