उजनीचं पाणी लिटरमध्ये मोजायचं तर

पावसाळा लागला की सोलापुरात सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला: उजनी धरण किती भरलं, म्हणजे 'उजनी किती झाली?' पेपरातला आकडा असतो टीएमसीत, म्हणजे शंभर कोटी घनफुटांच्या हिशेबात. सरकारी तक्त्यात मात्र दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. पाणी एकच, पण एका मापातून दुसऱ्यात जाताना चांगली शिकलेली माणसंही चुकतात.

मीटरमध्ये 3.28 फूट, मग घनफुटांना 3.28 ने भागलं की झालं, असं वाटतं. घरचाच हौद घ्या. पाच फूट लांब, चार फूट रुंद, तीन फूट खोल, म्हणजे 60 घनफूट. 3.28 ने भागलं तर 18 घनमीटर, तब्बल 18 हजार लिटर! दहा हजारांचा टँकर रिता केला तरी असा हौद भरायचा नाही. लांबी फुटांत, रुंदी फुटांत आणि खोलीही फुटांतच, म्हणून भागायचं ते तीन वेळा. मग येतात जेमतेम 1,700 लिटर, आणि रोज नळाला पाणी न येणाऱ्या घराला तो फरक चांगलाच कळतो.

फूट म्हणजे नेमके 0.3048 मीटर, हे 1959 साली ठरलं. त्याचा घन केला की एका घनफुटात 28.3168 लिटर. एक टीएमसी म्हणजे 28.32 दलघमी, सुमारे 2,832 कोटी लिटर.

उजनीची गंमत पुढेच आहे. धरणाची क्षमता सुमारे 117 टीएमसी, त्यातला 63.66 टीएमसी मृतसाठा, म्हणजे उपयुक्त धरला न जाणारा तळाचा साठा. टक्केवारी मोजतात ती फक्त वरच्या 53.57 टीएमसी उपयुक्त साठ्यावर. त्यामुळे 'उजनी शून्य टक्के' असं छापून येतं तेव्हाही धरणात 1,800 दलघमीहून जास्त पाणी असतं, आणि उन्हाळ्यात आपण 'मायनस'मध्ये जातो ते याच पाण्यात.

वरून दौंडहून उजनीत येणाऱ्या पाण्याचा विसर्ग सांगतात क्युसेकमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, वीस लिटरच्या बादलीने दीड बादलीला थोडं कमी. 11,574 क्युसेक दिवसरात्र वाहिलं की एक टीएमसी होतं. वीस हजारांचा विसर्ग टिकला तर दिवसाला पावणेदोन टीएमसी. खाली काहीच सोडलं नाही, तर शून्यावरून शंभर टक्क्यांवर यायला 31 दिवस.