लिंक 'अप' दिसतेय म्हणजे नेटवर्क चालू आहे असं नाही

सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं लावली, बाँडिंग केलं म्हणजे दोन्ही मिळून एकच कार्ड असल्यासारखं जोडलं, एमआयआय मॉनिटरिंग (पोर्टवर लिंक आहे का याची सतत तपासणी) १०० मिलिसेकंदावर ठेवलं आणि ऑटोमेशनने सगळ्या मशीनवर ढकललं की फेलओव्हरची, म्हणजे एक लिंक गेली की दुसरीवर जाण्याची, चिंता मिटली, हे वर्षानुवर्षं ऐकतोय, पण ते अर्धंच खरं आहे. लिनक्समधलं हे मॉनिटरिंग फक्त सर्व्हरच्या पोर्टवर लिंक आहे की नाही एवढंच बघतं, म्हणजे पलीकडच्या स्विचचा अपलिंक (त्याची पुढच्या नेटवर्ककडे जाणारी जोडणी) गेला तरी आपल्या केबलचा दिवा हिरवाच, स्टेटस 'अप', आणि ट्रॅफिक मात्र खड्ड्यात. ॲक्टिव्ह-बॅकअप मोडला (एक कार्ड चालू, दुसरं राखीव) एआरपी मॉनिटरिंग वापरा ना, ते गेटवेसारख्या (नेटवर्कबाहेर जायच्या राउटरच्या) पत्त्याला खरंच विचारून बघतं, आणि टार्गेट एकच नको, दोन-तीन द्या, नाहीतर एक गेटवे रीबूट झाला की चांगल्या लिंकही डाऊन धरल्या जातात. पण सरसकट सगळीकडे तेच नको, कारण एलएसीपी मोडला (सर्व्हर आणि स्विच आपसात संदेश पाठवून लिंक एकत्र वापरतात तो) एआरपी मॉनिटरिंग चालतच नाही, तिथे एमआयआयच ठेवायचं आणि एलएसीपी रेट (ते संदेश किती वेळाने यायचे तो वेग) फास्ट करायचा, संदेश न आल्यास लिंक गेली असं धरण्याचा टाइमआऊट ९० सेकंदांवरून ३ वर येतो. म्हणून ऑटोमेशनच्या प्लेबुकमध्ये (सेटिंग लावायच्या पायऱ्यांच्या फाइलमध्ये) आधी मोड तपासायचा, मगच पॉलिसी लावायची. आणि टेस्ट करताना नुसती केबल उपटू नका, स्विचचा अपलिंक बंद करून बघा.