अमेरिकेत डर्ट ट्रॅकवर रेस करायची आहे? पात्रता, कागदपत्रं आणि टेक इन्स्पेक्शनची माहिती

इंडियाना, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, आयोवा या पट्ट्यात राहत असाल आणि घरातलं कोणी मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवायचं म्हणत असेल तर पहिला प्रश्न येतो, लायसन्स कुठून काढायचं? भारतात एफएमएससीआय ही मोटरस्पोर्टची एक राष्ट्रीय संस्था आहे, अमेरिकेतल्या डर्ट रेसिंगमध्ये तसं एकच ऑफिस नाही. ज्या ट्रॅकवर, ज्या क्लासमध्ये (गाड्यांच्या गटात) उतरायचंय तिथली रूलबुक कुठल्या संस्थेची आहे ते आधी बघायचं, म्हणजे आयएमसीए, युसॅक, वर्ल्ड ऑफ आउटलॉज अशा रेस भरवणाऱ्या संस्थांपैकी एखादीची किंवा ट्रॅकची स्वतःची, आणि अर्ज तिथेच करायचा. लायसन्स म्हणजे बहुतेक ठिकाणी त्या सीझनची मेंबरशिपच असते, ऑनलाइन फॉर्म, फी, झालं. पण चालू वर्षाचीच रूलबुक डाउनलोड करा, जुन्या पीडीएफवर विसंबू नका.

वयाचं म्हणाल तर क्वार्टर मिजेटमध्ये, म्हणजे मुलांसाठीच्या छोट्या रेस गाड्यांमध्ये, साधारण पाच वर्षांपासूनची पोरं असतात, मोठ्या स्प्रिंट कारसाठी (मातीवर पळणारी हलकी, ताकदवान, उघड्या चाकांची रेस गाडी) वयाची अट वेगळी. अठराच्या आतल्या मुलासाठी जन्माचा दाखला आणि पालकांची सही असलेला मायनर रिलीज, म्हणजे संमतीचा कागद, लागतो, बऱ्याच ठिकाणी आई आणि वडील दोघांचीही सही मागतात आणि ती नोटराइज करून मागतात, त्यामुळे एक पालक भारतात गेलेला असेल तर हे काम आधीच उरकून ठेवा, गेटवर जाऊन काही होत नाही. बक्षिसाचे पैसे घ्यायचे तर डब्ल्यू-९ हा टॅक्सचा फॉर्म द्यावा लागतो, टॅक्सच्या दृष्टीने नॉन-रेसिडेंट असाल तर डब्ल्यू-८बेन. एच-१बी किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर बक्षिसाचा एक डॉलरसुद्धा घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

पिट गेटवर, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवाराच्या दारावर, वेव्हर असतो, आत जाणाऱ्या प्रत्येकाने सही करायची, बघायला आलेल्या बाबांनीसुद्धा. लोक रांगेत उभ्या उभ्या न वाचता सही ठोकतात, कृपा करून असं करू नका. त्यात साधारणपणे ट्रॅकवर दावा करायचा हक्क तुम्ही सोडून देता. ट्रॅकचा अपघात विमा असतो पण तो बहुतेक वेळा तुमच्या स्वतःच्या हेल्थ इन्शुरन्सनंतर उरलेल्या बिलापुरता, आणि नोकरीतून मिळालेल्या पॉलिसीत मोटर रेसिंग वगळलेलं असू शकतं. त्यामुळे एचआरला तोंडी विचारून भागत नाही, कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

आता टेक इन्स्पेक्शन, म्हणजे रेसआधी गाडीची आणि सुरक्षेच्या सामानाची तपासणी. माझ्या मते खरी कागदपत्रं इथेच आहेत, फक्त ती कपड्यांवर आणि पट्ट्यांवर शिवलेली असतात. सीटबेल्टवर एसएफआयचं (रेसिंगच्या सामानाचे सुरक्षा निकष ठरवणारी संस्था) लेबल असतं, त्यावर तयार झाल्याची तारीख पंच केलेली असते आणि तिथून साधारण दोन वर्षं तो चालतो, दिसायला नवाकोरा असला तरी. सेकंडहँड गाडी घेताना आधी हे लेबल बघा. हेल्मेट स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं एसए रेटिंगवालं पाहिजे, एसए२०२० किंवा त्यानंतरचं, मोटरसायकलचं एम रेटिंगवालं नाही, कारण एसएमध्ये आगीची आणि रोलबारवर (ड्रायव्हरभोवतीच्या लोखंडी सांगाड्यावर) आपटण्याची वेगळी टेस्ट होते. ड्रायव्हरच्या सूटवरचा एसएफआयचा आकडाही नीट वाचा. ३.२ए/१ म्हणजे सेकंड डिग्री भाजण्याआधी साधारण तीन सेकंद मिळतात, ३.२ए/५ मध्ये साधारण दहा. स्प्रिंट कार मिथेनॉलवर चालतात आणि मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही, पोरगं जळतंय हे बाहेरच्याला कळायलाच वेळ जातो, त्या वेळी हे जास्तीचे सात सेकंद फार मोठे असतात! आत नायलॉन-पॉलिस्टरचं काही घालू नका, ते वितळून चिकटतं.

मान सांभाळणारं हॅन्ससारखं उपकरण, एसएफआय ३८.१ टॅगवालं, काही लोकल ट्रॅक नुसतं 'घातलं तर बरं' म्हणतात. तुम्ही ते सक्तीचंच समजा. मातीवर गाडी उलटते ती एकदाच उलटून थांबत नाही, खड्ड्यात चाक अडकलं की गोल गोल फिरत जाते, म्हणूनच उघड्या कॉकपिटच्या गाडीत हात बाहेर फेकले जाऊ नयेत यासाठी आर्म रिस्ट्रेंट लागतात. बरेच ट्रॅक रेसिव्हर म्हणजे कानातला एकतर्फी रेडिओही बंधनकारक करतात, पिवळा झेंडा, म्हणजे सावकाश जायचा इशारा, पडल्याचं त्यावर कळतं.

ड्रायव्हर्स मीटिंग चुकवू नका. ९ ऑगस्ट २०१४ ला न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनन्डेग्वा ट्रॅकवर केविन वॉर्ड ज्युनियर हा २० वर्षांचा ड्रायव्हर गाडी बंद पडल्यावर खाली उतरला, चालत ट्रॅकवर आला आणि नॅस्कार या मोठ्या अमेरिकन कार रेसिंग मालिकेतला नामांकित ड्रायव्हर टोनी स्टुअर्ट याच्या गाडीची धडक बसून मरण पावला. त्यानंतर सहाच दिवसांत नॅस्कारने नियम काढला की आग किंवा तसाच धोका नसेल तर सेफ्टी क्रू येईपर्यंत गाडीतच बसायचं. तुमच्या ट्रॅकचा हा नियम नेमका काय आहे ते मुलाकडून पाठ म्हणून घ्या, राग आला तरी बेल्टला हात लावायचा नाही.

फॉर्ममध्ये ॲलर्जी, चालू औषधं आणि इमर्जन्सी नंबर असे रकाने असतात, तो नंबर त्या रात्री ट्रॅकवर हजर असणाऱ्या माणसाचाच द्या. आणि अपघात झाला, अगदी किरकोळ वाटला, तरी गाडी ट्रेलरवर चढवायच्या आधी ऑफिसात जाऊन इन्सिडेंट रिपोर्ट लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढा, कारण मान दुसऱ्या दिवशी दुखायला लागते आणि क्लेम करताना पहिल्यांदा तोच कागद मागतात.