एकच मूल, तीन दारं

चवथीला सगळं कुटुंब मूळ घरी जमतं. वर्षाने भेटणारी मावशी दारातच म्हणते, "किती गो सुकलीस!" शेजारी उभ्या असलेल्या चुलतबहिणीला ऐकवलं जातं, "हिने मात्र बरंच अंग धरलंय." पंधरा वर्षांची पोर कसंनुसं हसते, पंगतीत बसते, पातोळीवरचं हळदीचं पान उलगडते, बोटाने एक कड मोडते आणि पान पुन्हा मिटून ठेवते. कुणी विचारलंच तर "आज माझा उपास." आपल्या घरांत उपासाला कुणी हटकत नाही.

अशा मुलीपर्यंत मदत पोचायला इतका उशीर का होतो? तिचं न जेवणं, उदास होणं आणि जीव नकोसा वाटणं ही आपण तीन वेगळी दुखणी मानली आणि तिन्हींसाठी वेगळी दारं ठेवली. न जेवण्याला फॅमिली डॉक्टर, नाहीतर दृष्ट काढणारी आजी. मनाला वेड्यांचं इस्पितळ. आत्महत्येच्या प्रयत्नाला पोलीस.

खरं तर ही दुखणी एकमेकांत गुंतलेली आहेत, हे फार पूर्वी दिसलं होतं. इंग्लंडच्या रिचर्ड मॉर्टन या वैद्याने १६८९ मध्ये अन्न टाकून झिजत गेलेल्या एका तरुण मुलीची हकिकत लिहिली आणि कारण दिलं मनातल्या चिंतांचं. १८७३ च्या सुमारास लंडनला विल्यम गल आणि पॅरिसला शार्ल लासेग यांनी या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव गल यांचं. अनावर खाऊन मग ते कसंही करून भरून काढू पाहणाऱ्या बुलिमियाला जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये वेगळं नाव दिलं.

आपल्याकडे बराच काळ हे गोऱ्या, श्रीमंत मुलींचं खूळ समजलं गेलं. १९९५ मध्ये दिल्लीच्या डॉक्टरांनी अशा पाच तरुणींची नोंद प्रसिद्ध केली. वजन उतरलेलं, पाळी थांबलेली, उलट्या चालू. पण स्वतःच्या शरीराबद्दलची जी विपरीत कल्पना पाश्चात्त्य पुस्तकांत लिहिलेली असते, ती त्यांच्यात आढळली नाही. "मी जाड आहे" असं मूल म्हणालं नाही म्हणून आजार नाही, असं समजून चालत नाही.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा इथे ३६ धडधाकट पुरुषांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं. ते चिडचिडे झाले, खिन्न झाले, माणसांतून उठले. डोक्यात सारखं अन्नच. म्हणजे उपासमारच माणसाला उदास करते. "मन घट्ट कर आणि जेव" हे त्या पोरीला जमत नाही, कारण मन घट्ट करायला लागणारी ताकदच उपाशी असते. २०११ च्या एका मोठ्या आढाव्यात तर असं दिसलं, की अ‍ॅनोरेक्सियाने ग्रासलेल्यांपैकी जे दगावले, त्यांतल्या दर पाचात साधारण एकाने स्वतःचा जीव घेतला होता.

गोव्यात मनाचं दार होतं पणजीला आल्तिनो टेकडीवर. कांदोळीत जन्मलेल्या, पॅरिसमध्ये संमोहनाची उकल करणाऱ्या आबे फारियांचं नाव त्या इस्पितळाला होतं. नाव मोठं, पण लोकांच्या मनात धास्ती. १९८० मध्ये मनोविकार व मानवी वर्तन संस्था झाली, ती आता बांबोळीला आहे. १९९६ मध्ये गोव्यातच सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेने दाखवलं, की नीट शिकवलेला साधा माणूसही समुपदेशन करू शकतो. पुढे शाळांत समुपदेशक आले.

तिसरं दार सर्वांत उशिरा उघडलं. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता, म्हणून आईबाप इस्पितळात अपघात सांगत आणि मूल उपचाराविना घरी येई. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला, आणि असा माणूस तीव्र तणावात होता असं धरून त्याला शिक्षा न करण्याची तरतूद झाली. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते कलमच राहिलं नाही.

तरी आई मुलीला आजही पहिल्याच दारी नेते. पाळी चुकली म्हणून तक्रार, हातात टॉनिकची चिठ्ठी. "तुला जगणं नकोसं वाटतं का गो?" हे त्याच भेटीत विचारता येतं. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर तिला एकटी न सोडता १४४१६ वर फोन लावता येतो. 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून रात्रंदिवस, मोफत चालते.