शिखर सर झाल्यावरचा धोका

२३ मे २००७. एव्हरेस्टचा माथा गाठून परतणारे चार ब्रिटिश गिर्यारोहक डॉक्टर ८४०० मीटरवर थांबले, सिलिंडरचा ऑक्सिजन वीस मिनिटं बंद ठेवला आणि कडाक्याच्या थंडीत कपडे सैल करून जांघेतल्या धमनीतून रक्त काढून घेतलं. नमुने शेर्पांकरवी खाली ६४०० मीटरवरच्या प्रयोगशाळेत धाडले. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब सरासरी २४.६ मिलिमीटर (पारा) भरला. निरोगी माणसात तो ७५ ते १०० असतो. असा आकडा इस्पितळात दिसला, तर रुग्ण मरणाच्या दारात आहे असं समजून धावपळ उडेल. हे चौघे मात्र आपल्या पायांनी चालत होते!

वर ऑक्सिजनचं प्रमाण घटत नाही. ते तिथंही सुमारे २१ टक्केच. घटतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीवर ७६० मिलिमीटर असलेला दाब शिखरावर १९८१ साली २५३ मोजला गेला. जगभराची सरासरी धरून केलेल्या ‘प्रमाणित वातावरणा’च्या गणितानं तर तो आणखी कमी, २३६च्या आसपास यायला हवा होता. पण विषुववृत्ताच्या बाजूला वातावरणाचा थर जाड असतो आणि एव्हरेस्ट २८ अक्षांशावर आहे. हाच पर्वत ध्रुवाजवळ असता, तर मेसनर आणि हाबेलर या गिर्यारोहकांना १९७८मध्ये सिलिंडरविना वर पोहोचता आलं असतं का, शंकाच आहे.

हिमप्रपात, कडे कोसळणं हे धोके आहेतच. १८ एप्रिल २०१४ला एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू हिमनदीत बर्फाखाली १६ नेपाळी कामगार गेले. तिथं अनुभवाचाही फारसा उपयोग नसतो.

आठ हजार मीटरच्या वरचे मृत्यू मात्र बहुतेक उतरताना होतात, आणि माझ्या मते खरा घात इथंच आहे. थकवा असतोच, पण ऑक्सिजन कमी पडला की मेंदूचं कामही ढासळतं. काहींच्या मेंदूला सूज येते. तोल जातो, बोलणं असंबद्ध होतं, माणूस मागं पडतो. आणि स्वतःचं काही बिघडलंय हे त्याला कळतच नाही.

म्हणून परत फिरायची वेळ खालीच, डोकं ताळ्यावर असताना ठरवतात. १० मे १९९६ला एव्हरेस्टवर दुपारी दोनची परतीची वेळ टळून गेल्यावरही काही जण चढतच राहिले. संध्याकाळी वादळ आलं. उत्तरेकडच्या बाजूला इंडो-तिबेट सीमा पोलिसांचे तीन जवान धरून दोन दिवसांत आठ जण गेले.